प्रकल्प विकत आणू नका

परीक्षा जवळ आली की वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही गावच्या झेरॉक्सच्या दुकानात हाच सौदा चालतो. "सातवीचा पाण्यावरचा प्रकल्प आहे का?" असं पालक विचारतात. दुकानदार म्हणतो, "पाण्यावरचा आहे, प्रदूषणावरचा आहे, थोर नेत्यांचाबी आहे." नेटवरून उतरवलेली दहा-बारा पानं, वर रंगीत कव्हर, बाजूला स्पायरल आणि शेवटच्या पानावर छापून तयार असलेला 'निष्कर्ष'. पोरानं फक्त नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक टाकायचा. शाळेत सही होते, आकारिक मूल्यमापनाचे गुण पडतात, उन्हाळ्यात ती पानं रद्दीत जातात. यात कोणी कोणाला फसवत नाही, कारण पालक, शिक्षक, दुकानदार आणि पोरगं या चौघांनाही सगळं ठाऊक असतं. पोरगं मात्र यातून शिकतं की शोध ही छापून आणायची गोष्ट आहे आणि निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

पालकहो, यंदा हे करू नका. पोराला एकच प्रश्न घेऊ द्या, पण असा, की ज्याचं उत्तर दुकानदाराकडे नाही, गाइडात नाही आणि मोबाइलमध्येही नाही. असे प्रश्न आपल्या शिवारात पडलेले आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत. एक वही लागते, एक पट्टी लागते आणि मोठ्या माणसानं थोडा वेळ तोंड बंद ठेवावं लागतं. हे शेवटचंच सगळ्यात अवघड आहे.

उदाहरण घरचंच घेऊ. आपल्या जिल्ह्यात खरिपाचा बराच भाग सोयाबीनचा. कित्येक घरं मागच्या हंगामातलं चांगलं सोयाबीन बियाण्यासाठी बाजूला ठेवतात. पेरणीआधी त्याची उगवण तपासून घ्या, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. आपण मान हलवतो, आणि पाऊस पडला की तसंच पेरतो. ही तपासणी यंदा घरातल्या पाचवी-सातवीच्या पोराकडे किंवा पोरीकडे सोपवा. सगळ्या कट्ट्यांतून थोडं थोडं बी काढायचं, एकत्र करायचं आणि त्यातून न निवडता सरसकट शंभर दाणे मोजायचे. बारदाना ओला करून जमिनीवर पसरायचा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला बारदाना टाकायचा, हलकी गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब किती आले ते मोजायचं. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणं ठीक. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर ते बाजारात विकायचं आणि पेरायला दुसरं आणायचं. एक काळजी मात्र घ्या. बाजारातल्या पिशवीतलं रंग लावलेलं बी मुलांच्या हाती देऊ नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. घरचं, काही न लावलेलं बीच या कामाला घ्या.

इथपर्यंत ही झाली नुसती तपासणी. खरी गंमत पुढे आहे. पोरगं शंभर दाणे मांडेल, समजा चौसष्ट उगवतील. मग त्याला विचारा, "परत शंभर मांडले तर परत चौसष्टच निघतील का रे?" ते सांगू शकणार नाही, तुम्हीही सांगू शकणार नाही. मग तीन वेळा मांडून पाहायचं. तीन आकडे तीन तऱ्हेचे येतील. त्यांची सरासरी काढताना शाळेत पाठ केलेलं गणित पहिल्यांदा त्याच्या कामी येईल. एकाच मोजणीवर विश्वास ठेवू नये, ही गोष्ट मोठमोठ्या प्रयोगशाळांत शिकवावी लागते, ती त्याला बारदान्यावर समजेल.

मग एक दिवस ते स्वतःहूनच विचारेल, "थप्पीच्या खालच्या कट्ट्यातलं बी कमी उगवते का?" आता त्याला खरा प्रश्न पडला आहे. वरच्या कट्ट्यातले शंभर, खालच्या कट्ट्यातले शंभर, बारदाना तोच, पाणी तेच, जागा तीच. बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि बदलायची एकच गोष्ट, हा शोधकामाचा कणा आहे. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. वरून दाब आला, कट्टा गाडीतून आपटला, मळणी यंत्राचे फेरे जास्त झाले की आतला कोंब दुखावतो, दाणा वरून साजरा दिसला तरी. हे तुम्ही त्याला आधीच सांगून टाकलंत तर ते ऐकेल आणि विसरेल. आकड्यांतून त्यानं स्वतः काढलं तर पुढच्या वर्षी कट्टा आपटणाऱ्या हमालाला तेच ओरडेल. आणि समजा वरच्या-खालच्या कट्ट्यात काहीच फरक निघाला नाही, तर? तर तेही वहीत लिहायचं. 'फरक आढळला नाही' हेही उत्तरच आहे. झेरॉक्सच्या प्रकल्पात हे वाक्य कधीच सापडत नाही.

काही पालक विचारतील, यानं नवोदयला नंबर लागेल का, स्कॉलरशिपचे गुण वाढतील का? थेट वाढतील असं मी म्हणणार नाही. टक्केवारी, सरासरी, आलेख या गोष्टी हाताखालून गेल्या की पक्क्या होतात, एवढं खरं. पण माझं म्हणणं त्याहून व्यवहाराचं आहे. ऑगस्टमध्ये सोयाबीन पिवळं पडायला लागलं की आपण काय करतो? कृषी केंद्रात जातो, दुकानदार जी बाटली देईल ती आणतो आणि फवारतो. पिवळं पडण्याची कारणं वेगवेगळी असतात. वावरात पाणी साचून पिवळं पडतं. लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक असेल तर पानावर हिरवे-पिवळे ठिपके मिसळलेले दिसतात, आणि तो पांढरी माशी पसरवते. कोणती पानं, वरची की खालची? सारं वावर की फक्त सखल भाग? हे प्रश्न विचारायची सवय ज्या घरात आहे तिथं चुकीच्या बाटलीचे पैसे वाचतात. "आबा, ही पानं पिवळी काहून पडली?" असं पोरानं विचारलं की "चूप बस, अभ्यास कर" म्हणू नका. त्याला पानं तोडून आणायला सांगा, वेगवेगळ्या ठिकाणची. नाही कळलं तर रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं घेऊन जा आणि प्रश्न पोरालाच विचारू द्या. तुम्ही मागं उभे राहा.

आता पावसाचं. मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हा आकडा आपल्याकडच्या शेतकऱ्याला पाठ आहे. आमच्या गावात धो-धो कोसळला आणि मंडळाच्या नोंदीत पासष्ट भरलाच नाही, ही तक्रारही दर पावसाळ्यात पारावर होते. पण मिलिमीटर म्हणजे काय, हे पारावर विचारून पाहा. पासष्ट मिलिमीटर कशात मोजायचे? सरळ उभ्या काठाचा, सपाट बुडाचा डबा उघड्या अंगणात, झाड आणि छपरापासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून पाणी मोजा, लिहा, ओतून द्या. हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मग वीस चौरस मीटरच्या टिनाच्या छपरावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी वाहून गेलं? हजार लिटर. हा हिशेब पोरानं आईसमोर केला की पाणी कुठून भरायचं याची चर्चा घरात आपोआप सुरू होते. पोराच्या वहीतला आकडा तहसीलात चालणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. पण शेजारच्या गावातल्या मित्रानंही असाच डबा ठेवला आणि दोघांनी महिन्याच्या शेवटी वह्या ताडून पाहिल्या, तर तीन-चार कोसांवर पाऊस किती बदलतो हे त्यांना जिल्ह्यातल्या पुष्कळ मोठ्या माणसांपेक्षा चांगलं समजेल.

स्वयंपाकघरही सोडू नका. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, फिल्टरच्या पाण्यात शिजते, हे प्रत्येक आईला माहीत आहे. खरंच किती फरक पडतो? एकच डाळ, एकच गंज, आच तीच, पाणी वेगळं, आणि घड्याळ. जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो, हे नंतर पुस्तकात सापडेल. या प्रयोगात आई मार्गदर्शक आहे, तेव्हा तिचं नाव प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहा. आणि मुलींसाठी मुद्दाम सांगतो, त्यांचं शोधकाम चुलीपाशीच थांबवू नका. नाल्यावर, वावरात, विहिरीच्या पातळीची दोरी सोडायला त्यांनाही न्या. विहिरीवर मात्र मुलगा असो की मुलगी, एकटं कोणी जायचं नाही, सोबत मोठं माणूस हवंच.

शाळेच्या सहली लोणारला जातात. आपल्याला ते जवळ, बुलढाणा जिल्ह्यात असलं तरी. तिथं सरोवराच्या काठच्या मातीत चुंबक फिरवून दाखवतात, काळे कण चिकटतात, आणि सांगतात की हे उल्केचं लोखंड. पोरं डोळे मोठे करतात, सर फोटो काढतात, बस परत निघते. शिक्षकांना माझी विनंती आहे की चुंबक परत आणा. दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या नाल्याच्या वाळूत तेच चुंबक फिरवा. तिथंही काळे कण चिकटतील. आपली सगळी जमीन काळ्या पाषाणाची, बेसाल्टची, आणि त्या खडकातच मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. मग लोणारचे कण उल्केचे की आपल्याच दगडाचे? नुसत्या चुंबकानं हे सांगता येत नाही. मुलांचा विरस होईल म्हणता? उलट, एक ठिकाण पाहून निष्कर्ष काढू नये, दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहावा, हे ती त्या दिवशी शिकतील.

आणि मग त्यांना लोणारची खरी गोष्ट सांगा, कारण ती चुंबकापेक्षा सुरस आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या खळग्याची नोंद केली. हे ज्वालामुखीचं तोंड असावं, असंच पुष्कळ वर्षं मानलं गेलं. १९७३ साली शास्त्रज्ञांनी तिथल्या खडकात प्रचंड धक्क्यानंच तयार होणारी काच दाखवली, तेव्हा उल्कापाताची गोष्ट पक्की झाली. दीडशे वर्षं लागली. जून २०२० मध्ये त्याच सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर तासाभरात डझनभर कारणं फिरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने गेले, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता असं निघालं. नमुना ठेवून दिला तर गुलाबी गाळ तळाशी बसून वरचं पाणी स्वच्छ झालं, हे त्यांनी पाहिलं. बाटली हलवू नका, ठेवून पाहा, एवढी साधी गोष्ट. पाचवीतलं पोरगंही हे करू शकतं.

शोध फक्त विज्ञानाचाच असतो असं नाही. घरातल्या जुन्या पेटीतही तो असतो, आणि वाशिमकरांना तर हे इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं. १९३९ मध्ये वाशिमात ताम्रपट उजेडात आले. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्महून, म्हणजे याच वाशिमहून, दिलेल्या दानाचा तो लेख. काही भाग संस्कृतात, काही प्राकृतात. त्यात राजांची पिढी दिली होती: प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती. तिकडे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा एक मोठा पण झिजलेला लेख आहे. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी तो वाचला तेव्हा पुसट अक्षरांत सर्वसेनाचं नाव निसटलं होतं आणि वंशावळ चुकली होती. वाशिमचे ताम्रपट हाती आल्यावर नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि नाव जागेवर बसलं. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वाशिमातून राज्य करत होती, हे त्यातून उभं राहिलं. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या वाचनातली चूक वाशिमच्या तांब्यानं दुरुस्त केली. आपल्या किती शाळांत ही गोष्ट सांगितली जाते?

कारंज्याचंही तसंच. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो हस्तलिखितं जपून ठेवलेली होती. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे हिरालाल जैन यांनी ती पाहिली, आणि १९३० च्या दशकात त्यांतले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ कारंज्याच्याच नावाच्या मालेत छापून आले. आपल्या आजच्या बोली ज्या वळणानं तयार झाल्या ते वळण समजून घ्यायला देशभरचे अभ्यासक अजूनही ते उघडतात. ही हस्तलिखितं कोणी परदेशातून आणली नव्हती. कपड्यात बांधून गावातल्याच कपाटात होती.

तुमच्या घरात ताम्रपट नसेल. शाळा सोडल्याचा दाखला तर आहे? पोराला सांगा, आजोबांचा, बाबांचा आणि स्वतःचा असे तीन दाखले शेजारी ठेव. गाव तेच. पण आजोबांच्या दाखल्यावर जिल्हा अकोला, बाबा १९९८ आधी शाळेतून बाहेर पडले असतील तर त्यांच्यावरही अकोला, आणि स्वतःच्यावर वाशिम. काहून? तर १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. गंमत म्हणजे हा जिल्हा पहिल्यांदा झालेला नाही. इंग्रजांच्या काळात 'बाशीम' नावाचा वेगळा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला. पणजोबांचा एखादा कागद निघाला तर त्यावर राज्याचं नाव काय आहे तेही पाहा: मध्यप्रांत-वऱ्हाड असेल, मध्य प्रदेश असेल, मुंबई असेल. एकाच घरानं, उंबरठा न ओलांडता, किती राज्यं बदलली! कारंज्याच्या पोरांनी आजीला शकुंतला रेल्वेचं विचारावं: तिकीट किती होतं, डब्यात काय काय चढायचं, इंजिनाला पाणी कुठं भरायचे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन त्या मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर १९९४ पर्यंत धावलं. ते चाललेलं पाहिलेली माणसं अजून आहेत, उद्या नसतील. दोन म्हाताऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर पोरानं तिसऱ्याला विचारावं आणि तिघांचंही वहीत लिहावं, नावासकट.

मोबाइलबद्दल सगळेच पालक विचारतात. मोबाइल हिसकावून घ्या असं मी सांगणार नाही, ते कोणाच्यानं होत नाही. क्रम बदला, एवढंच. प्रश्न पडला की पोरानं आधी स्वतःचा अंदाज वहीत लिहावा. मग जाऊन पाहावं, मोजावं. मग ज्याला माहीत असेल अशा माणसाला विचारावं. मोबाइल सगळ्यात शेवटी, आणि तोही अंदाजाशी ताडून पाहायला. आज मोबाइल कोणत्याही प्रश्नाला चार ओळींत झकास उत्तर देतो, पण तुमच्या थप्पीतल्या खालच्या कट्ट्यात काय झालं ते त्याला माहीत असायचं कारण नाही. मोबाइलचा चांगला उपयोगही आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली विज्ञानखेळणी आणि शेकडो पुस्तकं, मराठीसुद्धा, मोफत ठेवली आहेत. मराठी विश्वकोश आहे. रील पाहण्याचा अर्धा वेळ तिकडे वळला तरी पुष्कळ.

शिक्षकांशी बोलताना मला संकोच वाटतो. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराची नोंद, रोज नवी ऑनलाइन माहिती भरायची, फोटो पाठवायचे. यातून वेळ काढा म्हणणं सोपं आहे. तरी पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' कागदावर आलाच आहे, त्यातला एक तास प्रश्नांना द्या. वर्गात एक खोका ठेवा, त्यात मुलांनी चिठ्ठीवर प्रश्न टाकावेत. सातपुड्यापलीकडे होशंगाबादला १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचा एक काल्पनिक गडी होता. खेड्यांतली मुलं त्याला पत्रं लिहायची आणि कार्यक्रमातली माणसं त्याच्या नावानं उत्तरं पाठवायची. आपले जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. एवढ्या मोठ्या माणसाला पोस्टकार्डासाठी वेळ होता. तुमच्या खोक्यातल्या दहा चिठ्ठ्यांपैकी आठांची उत्तरं तुम्हाला येणार नाहीत. वर्गासमोर "मलाही माहीत नाही, चला पाहू" म्हणा. मुलांच्या नजरेत तुम्ही उतरणार नाही.

मानोरा, मंगरूळपीर भागातल्या तांड्यावरच्या शाळांसाठी एक वेगळी विनंती. घरी गोरमाटी बोलणारं लेकरू वर्गात गप्प बसतं. त्याला प्रश्न पडत नाहीत असं समजू नका. तो मराठीत कसा मांडायचा हे त्याला सुचत नाही. त्याला त्याच्या बोलीत विचारू द्या, वहीतही देवनागरीत त्याच बोलीत लिहू द्या, मराठी मागून येईल. शेरडं वळणाऱ्या पोराला कोणता पाला बकरी खाते, कोणता खात नाही, कोणत्या महिन्यात कुठं पाणी असतं हे ठाऊक असतं. त्याच्याकडून ती यादी करून घ्या. मायबाप ऊसतोडीला गेले की शाळा तुटते. वही मात्र सोबत जाऊ शकते, आणि फडावर पाहण्यासारखं कमी नसतं.

राहिली प्रदर्शनं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी थर्माकोलचा ज्वालामुखी फसफसतो आणि ठिबक सिंचनाचं मॉडेल पाणी टपकवतं. परीक्षकांना सांगणं आहे की मॉडेलची रंगरंगोटी पाहू नका. पोराला दोनच गोष्टी विचारा: "हा प्रश्न तुला कुठं पडला?" आणि "तुझी कच्ची वही दाखव." खाडाखोड केलेली, चिखल लागलेली वही ज्याच्याकडे आहे त्याला वर चढवा. पोटासाठी मॉडेल बनवून विकणाऱ्या कारागिराशी माझं भांडण नाही, पण बक्षीस त्याचं आहे, पोराचं नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते, तिथं दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन काम करायचं असतं. इन्स्पायर मानक योजनेत सहावीपासूनच्या मुलाची कल्पना निवडली गेली तर दहा हजार रुपये थेट त्याच्या खात्यावर येतात. दोन्हींसाठी नाव बहुतेक शाळेकडूनच जातं. तेव्हा पालकांनी शाळेत जाऊन विचारावं, "आमच्या शाळेतून यंदा कोणाची कल्पना गेली?" मुलाचे गुण किती पडले हे विचारायला आपण जातोच. हेही विचारा.

जूनच्या शेवटी आपल्याकडच्या शाळा उघडतील. त्याआधी पेरणीची घाई सुरू होईल, तेव्हा बियाण्याचं काम आत्ताच करावं लागेल. या रविवारी पोराला शंभर पानी वही आणि पट्टी घेऊन द्या. कट्ट्यातून शंभर दाणे त्यालाच मोजू द्या, बारदाना त्यालाच ओला करू द्या, आणि सातव्या दिवशी गुंडाळी त्यानं उघडेपर्यंत तुम्ही उघडू नका.